आठवी आसरा

माझं माहेर उदगीरच्या पलीकडं, अगदी कर्नाटकाच्या शिवेजवळ, तिथल्या बाया भांडायच्या कानडीत अन् रडायच्या मराठीत, लहानपणी मला वाटायचं सगळीकडं असंच असतंय. माझा बाप शाळेत शिपाई होता, त्यामुळं घरात दुसरं काही नसलं तरी कागद असायचा. परीक्षा झाली की लेकरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं राहायची, ती बाप फाडून आणायचा, सुई-दोऱ्यानं शिवायचा अन् मला म्हणायचा, घे चंद्रे, ही तुझी वही. मी काय लिहायची सांगू का, हसाल तुम्ही, आज कोंबडीनं दोन अंडी दिली, आज आईनं मला मारलं, माझी चूक नव्हती. हे 'माझी चूक नव्हती' मी लई वेळा लिहायची. सातवीपर्यंत शिकले मी, त्या काळात आमच्यात लई झालं ते.

मग सतराव्या वर्षी लग्न झालं अन् मी इकडं लोहा तालुक्यात आले. गावाचं नाव लिहू नका, तिथं अजून आमची माणसं हायेत. घर शेतकऱ्याचं, वीस-बावीस एकर कोरडवाहू, सासू, सासरा, दोघं भाऊ. थोरल्या भावाची बायको ती अक्का. जाऊ होती माझी, पण जाऊबाई मी कधी म्हणले न्हाई, आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतेत तसंच म्हणायची, अन् तिला ते लई आवडायचं, कारण तिला पाठची बहीण नव्हती. मी एक वही सोबत नेली होती ट्रंकेत, सासूनं पहिल्याच महिन्यात तिची पानं फाडून मिरचीच्या बियांच्या पुड्या बांधल्या. मी रडत बसले तर अक्का म्हणली, अगं पुड्या वाचता येतात ना, बी पेरलं की कागद तुलाच आणून देते. अन् खरंच दिले तिनं, चुरगळलेले, मिरचीचा वास येणारे. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. किराणाच्या पुडीचा कागद असला की माझ्यापुढं धरायची, वाच म्हणायची. त्यात काय असायचं, कुठं मोर्चा निघाला, कुठं बस उलटली, पण ती ऐकायची असं, जसं कुणी तिला पत्र पाठवलंय.

तिच्याबद्दल सांगायला लागले की मी अशीच भरकटते बघा. मूळ गोष्ट सांगायची टाळून राहिले मी, तुम्हाला कळलंच असल. चाळीस वर्षं हेच करून राहिले.

तर लग्नाला दोन-तीन वर्षं झाली अन् पाणी गेलं. आमच्या भागात पाणी जाणं म्हणजे काही नवं न्हाई, पण त्या साली मोठ्या हिरीचा तळ दिसला. हीर जुनी, दगडानं बांधलेली, पायऱ्या न्हाईत, भिंतीतून दगड बाहेर काढलेले, एक इकडं एक तिकडं, त्यावर पाय देत अन् दोर धरत उतरायचं. तळात एक खड्डा होता, त्यात पाझर यायचा. एका बाईनं खाली उतरायचं, वाटीनं पाणी भरायचं घागरीत, वरच्या बायांनी घागर ओढायची. वाटीनं, ताई. एक घागर भरायला किती वेळ लागतो ते वाटी घेऊन बघा कधी. म्हणून घराघरात बाऱ्या लावलेल्या, आज ह्या घरची बाई, उद्या त्या घरची, अन् आमच्या घरात एक बारी अक्काची, एक माझी.

एकदा माझ्या बारीच्या आदल्या दिवशी बारी दुसऱ्या घरची होती, ती बाई माहेरी गेली म्हणून मलाच उतरावं लागलं. वर येताना, वरून तिसरा दगड, त्यावर पाय दिला अन् तो हलला. असा दात हलल्यासारखा. मी दोराला लोंबकाळले, कशीतरी वर आले. कुणाला काही बोलले न्हाई. बोलले असते तर सासू म्हणली असती, कामचुकार हाय, शाळा शिकलेली, दगड हलतो म्हणे. तिच्या तोंडाला मी लई भीत होते. अन् दुसऱ्या दिवशी आमच्याच घरची बारी, त्यात माझी. मला जायचंच नव्हतं. माझ्या पायाला अजून तो दगड लागून राहिलता.

मग मी काय केलं, सकाळी उठले अन् म्हणले, मी बाहेर बसले.

तुम्ही शहरातल्या, पण तुम्हाला ठावं असल, बाईच्या त्या चार दिवसांत आमच्याकडं घरात शिवायचं न्हाई, अन् हिरीकडं तर फिरकायचंबी न्हाई, कारण हिरीत साती आसरा असतात. पाण्यातल्या देवी, सात बहिणी. हिरीच्या काठाला सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात, ओटी भरतेत त्यांची. विटाळाची बाई आली तर कोपतेत म्हणतेत. म्हणून बाई बाहेर बसली म्हणली की तिला कुणी काही विचारत न्हाई, सासूबी न्हाई. ही एकच रजा होती आम्हाला. अन् मी ती खोटी घेतली. गोठ्याच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसले.

मला वाटलं बारी चुकल, शेजारचं घर जाईल, एक दिवस कमी पाण्यात काढू, तोवर मी मालकाच्या कानावर हळूच घालीन दगडाचं. पण अक्का म्हणली, चंद्रीची बारी मी करते. ती तशीच होती, माझ्या हातून रांजण फुटला तवाबी म्हणली, माझ्या हातून फुटला. ती दोर खांद्यावर घेऊन निघाली, मागं तिची पोरगी ज्योती, सहाची होती तवा, आईचा पदर धरून. गोठ्यापाशी थांबून अक्का मला काहीतरी बोलली, ते पुढं सांगते. तिथं मला तोंड उघडता आलं असतं. अक्का, वरून तिसरा दगड हलतो. एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती म्हणली असती, तुला कसं ठावं, अन् ठावं होतं तर आज नेमकी बाहेर कशी बसलीस. माझं खोटं उघडं पडलं असतं. तेवढ्यासाठी मी गप बसले, बघा. एवढ्याशा इज्जतीसाठी.

उतरताना दगडानं तिला तोललं. भरून झाल्यावर वर येताना, ओलं लुगडं, ओला पाय, त्यात तो निसटला, अन् दगडासकट अक्का खाली.

ज्योती काठावर होती. ती तिथून धावत घरी आली, घरात मी एकटी, बाकी सगळी शेतात. ती गोठ्यात शिरली, माझ्याकडं हात करून, काकू काकू, आई पडली. अन् काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातून काय निघालं असल? मी म्हणले, शिवू नको मला. मी खोटी बसले होते, मला काही झालं नव्हतं, पण खोट्यातबी सवय असती ना माणसाला, तसं निघून गेलं. ती पोरगी जागच्या जागी थांबली. दोन हात तसेच पुढं.

मग गाव जमलं. अक्काला वर काढून घरी अंगणात आणली, तिच्यात जीव नव्हता. सासू ऊर बडवून राहिली, थोरले भावजी भिंतीला टेकून बसले, अन् बाया एकमेकींना विचारत होत्या, रोजची उतरणारी बाई, पडली कशी, पडली कशी. कुणीतरी म्हणलं, त्या दगडाचं काय झालं ते बघा. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते, आत यायची मला परवानगी नव्हती, मढ्याला हात लावायची नव्हती. तिथूनच मी म्हणले, मोठ्यानं म्हणले, आसरांनी नेली तिला. परवाच म्हणली होती मला, हिरीच्या पाण्यात सात बाया दिसल्या, हिरव्या लुगड्याच्या, हात करून बोलवून राहिल्या.

अक्का असलं काही बोलली नव्हती. मी घडवलं ते तिथल्या तिथं. शाळेत निबंध लिहायची मी, तसं.

अन् सगळ्यांना ते पटलं, इतकं पटलं की रडणं थांबलं बायांचं. आसरांनी नेलेली बाई मरत न्हाई, त्यांच्यातलीच एक होऊन जाती, ही समजूत हाय आमच्याकडं. सासूनं तर डोळे पुसले. मग दगड कुणी तपासला न्हाई. तो तळाला तिच्या शेजारीच पडलेला, तिसऱ्या दिवशी सासूनं तो वर काढायला लावला, माझ्या सुनेसोबत गेला तो दगड, म्हणली, अन् सातांच्या शेजारी आठवा म्हणून मांडला, शेंदूर लावून. मी चार दिवस पुरे करून, डोक्यावरून पाणी घेऊन, शुद्ध होऊन हिरीवर गेले अन् बघितलं, तर तोच. ज्यानं तिला मारलं त्यालाच मी हळद-कुंकू वाहिलं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई, चाळीस वर्षांनी वहीत लिहीपर्यंत.

त्यानंतर ज्योतीला मी वाढवलं. माझं लेकरू पुढं झालं, एकच मुलगा, पण आधी ती. भावजींनी दुसरं लग्न केलं न्हाई. ती रोज विचारायची, काकू, माझी आई कुठं हाय. मी सांगायची, पाण्याखाली चांदीचं घर हाय, तिथं आठ बहिणी राहतेत, तुझी आई सगळ्यात धाकटी म्हणून तिचे लाड होतेत, ती हिरवं लुगडं नेसती, तिच्या केसात मासे खेळतेत. रोज एक गोष्ट वाढवायची. आज आईनं काय खाल्लं, आज आई कुणाला भेटली. पोरगी ऐकत ऐकत झोपायची. मला वाटायचं मी तिला सुख देऊन राहिले, अन् देतबी होते, खोटं न्हाई सांगत, तिचं रडणं बंद झालं होतं. पण त्या गोष्टीनं जास्त सुख मला होत होतं. त्यात मी कुठंच नव्हते ना.

मोठी झाली तशी गोष्ट तिच्या अंगावर उलटली. आसरांनी जिची आई नेली तिची लेकबी त्यांचीच असती, आई बोलावती म्हणं लेकीला. हे सासूनं काढलं अन् गावानं धरलं. मग पोरीला ओढ्यावर जाऊ द्यायचं न्हाई, हिरीत वाकू द्यायचं न्हाई, गोदावरीला सगळी न्हायला जायची तवा ही धर्मशाळेत बसायची. आवसेला उपास. वर्षातून एकदा तेवढी हिरीवर न्यायची, दोघींनी दोन्ही हात धरून, अन् ती त्या आठव्या दगडावर डोकं टेकायची. आई म्हणायची त्याला. मी हात धरून उभी असायची.

अभ्यासात हुशार निघाली, गणितात तर अशी की मास्तर घरी येऊन सांगून गेले. बारावी झाली अन् तिचा नंबर नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजला लागला. आमच्या गावातून त्याआधी कुणाचा लागला नव्हता, पोराचाबी न्हाई. भावजींनी पेढे वाटले. अन् मग कुणीतरी सांगितलं, विष्णुपुरी म्हणजे गोदावरीचं धरण, कॉलेजच्या जवळ नुस्तं पाणीच पाणी. दोन दिवसांनी भावजी म्हणले, न्हाई पाठवायचं, मी बायको दिली पाण्याला, पोरगी देणार न्हाई.

तवा ज्योती माझ्याकडं आली. मी भाकरी थापत होते. ती समोर बसली अन् म्हणली, काकू, आई काय बोलली होती ते तूच ऐकलंस, दुसऱ्या कुणी न्हाई. तुझं ऐकतील बाबा. तू एवढंच म्हण, की आई मला नेणार न्हाई. तुला वाटत असल तर खोटं म्हण.

खोटं म्हण, म्हणली ती मला.

तव्यावरची भाकरी करपली, ताई. खरं सांगावं तर सगळं सांगावं लागतंय, दगड, बाहेर बसणं, सगळं. मालक काय म्हणतील, भावजी घरात राहू देतील का, माझं लेकरू तवा नऊ-दहा वर्षांचं. मी म्हणले, बघू. एवढंच. बघू. ती उठून गेली. प्रवेश घ्यायची तारीख निघून गेली अन् मग तिला लातूरला डी.एड.ला घातलं, तिथं नदी न्हाई म्हणून. पुढं मास्तरीण झाली, लग्न जरा उशिरा झालं, पाण्याची भानगड ऐकून दोन-तीन स्थळं परत गेली होती. आता नांदेडलाच असती, नवरा चांगला हाय, एक पोरगी हाय. पण अजूनबी पुलावरून जाताना ऑटोत डोळे मिटून बसती. पोरीच्या शाळेची सहल धरणावर गेली तर पोरीला पाठवत न्हाई. हे तिच्या नवऱ्यानं हसत हसत सांगितलं मला एकदा, मी पाणी प्यायला म्हणून आत गेले.

आता माझं सांगते. मालक गेले, मी लातूरला मुलाकडं आले. सून चांगली हाय, काही तकलीफ न्हाई, अन् तरी छातीवर बसल्यासारखं व्हायला लागलं. झोप न्हाई. मुलानं दवाखान्यात नेलं, मशीनवर छातीची पट्टी काढली, सगळं नीट. डॉक्टर म्हणले, आजी, हृदय चांगलं हाय, मनात काय हाय ते बघा. ते काय गोळीनं बघता येतंय का. मग सुनंनं शोधून काढलं, आमच्या नगरातल्या वाचनालयात शनिवारी दुपारी बाया जमतेत, एक रिटायर झालेल्या मॅडम हायेत, त्या सगळ्यांना वही देतेत अन् स्वतःबद्दल लिहायला लावतेत. लिहिलं की मन मोकळं होतं म्हणं. मी म्हणले, मला काय लिहायचं. पण वही हातात आली, कोरी, अन् बापाची आठवण आली, त्याच्या सुईची. मी जायला लागले.

आधी सोपं होतं, माहेरचं घर लिहा, आवडती भाजी लिहा. मग मॅडम म्हणल्या, आता आयुष्यातली एक अवघड गोष्ट घ्या, सरळ लिहिता येत नसल तर आपल्या व्रताच्या कहाणीसारखी लिहा, आटपाट नगर होतं करून, देव येऊ द्या, राक्षस येऊ द्या. मला बरंच वाटलं. मी लिहिली की. आटपाट नगर, त्यात एक बाई, लई गुणाची, तिला पाण्यातल्या सात बहिणींनी बोलावलं. चांदीचं घर, केसातले मासे, सगळं घातलं. मी वाचून दाखवली तर दोघी-तिघी रडल्या, एक बाई पाया पडायला लागली. दुसऱ्यांदा फसवलं मी, पहिल्यांदा गावाला अन् आता ह्यांना.

सगळ्या गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं. म्हणल्या, चंद्रकलाबाई, कहाणी फार चांगली हाय, पण तुमच्या आयुष्यातली गोष्ट लिहायची होती ना? हिच्यात बाई हाय, सासू हाय, लेकरू हाय, सात बहिणी हायेत. तुम्ही कुठं होता?

मी घरी आले. दोन आठवडे गेले न्हाई तिकडं. मग एक दिवस सून कामावर गेल्यावर ओट्यापाशीच वही उघडली अन् लिहिलं, मी गोठ्यात होते. तेवढंच त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलं, मला काही झालं नव्हतं. मग एकदम सुटलं, हात थांबेना, सोळा पानं झाली. दगड लिहिला, शिवू नको लिहिलं, बघू लिहिलं. मॅडमना दाखवली. त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. मग म्हणल्या, हे तुमच्यासाठी होतं, कुणाला दाखवायची सक्ती न्हाई, ठेवा, फाडा, तुमची मर्जी.

अन् ताई, मला झोप लागली. छातीवरचं उठलं. आठ दिवस मी अशी हलकी फिरले की सून म्हणली, आई, तुमच्या तोंडावर तेज आलं. मी आरशात बघितलं तर खरंच होतं, अन् ते बघून माझी मलाच चीड आली. मी सोळा पानं लिहून मोकळी झाले, अन् तिकडं ती अजून डोळे मिटून पूल ओलांडती. मी कुणाचं ओझं उतरवून राहिले? असं कसं मन मोकळं करायचं, ज्याचं नुकसान केलं त्यालाच वगळून? मॅडम चांगल्या हायेत, त्यांना मी नावं ठेवत न्हाई, पण हे त्यांनी सांगितलं न्हाई, मलाच कळायला पाहिजे होतं.

मग मी वही पिशवीत घातली अन् नांदेडची बस धरली. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आमच्या गावचा फाटा दिसला, मी दुसरीकडं बघितलं. ज्योतीच्या घरी पोचले तवा ती पेपर तपासत बसलेली, शाळेचे, हातात लाल पेन. काकू आली म्हणून केवढी खूश झाली. अर्धापूरची केळी पुढं ठेवली, म्हणली कालच आणलीत. मी म्हणले, आधी हे वाच. ती हसली, काकू तू लिहायला लागलीस? अन् पेन हातात ठेवूनच वाचायला लागली.

मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, पेनाकडं बघत होते. चार-पाच पानांवर तिनं पेनाला टोपण लावलं अन् बाजूला ठेवलं.

पुरं वाचलं तिनं. परत मागं गेली, एक पान परत वाचलं. मग म्हणली, वरून तिसरा? मी म्हणले, हाव. म्हणली, तुला आदल्या दिवशीच ठावं होतं? मी म्हणले, हाव. मग ती वहीवर हात ठेवून बसली अन् म्हणली, शिवू नको म्हणलीस ते मला आठवतंय काकू. बाकी काही आठवत न्हाई, आईचं तोंडबी नीट आठवत न्हाई, पण ते आठवतंय. मला वाटायचं माझ्यातच काही असल, म्हणून आसरा मला मागतेत, म्हणून तू मला शिवू दिलं न्हाई. चाळीस वर्षं मला वाटत होतं माझ्यात काही हाय.

मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर ती मागं सरली. बरोबर हाय तिचं.

मग तिनं विचारलं, यात एक न्हाई लिहिलेलं. आई गोठ्यापाशी थांबली होती, मी पदर धरून होते. काय म्हणली ती तुला? ते मी लिहिलं नव्हतं, हात वळला न्हाई त्याला. मी तोंडानं सांगितलं. अक्का म्हणली होती, चंद्रे, लई दुखून राहिलं का पोटात? पडून राहा. आल्यावर तुला आल्याचा चहा करते, गूळ घालून.

ज्योती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, लई वेळ पाणी पडून राहिलं. बाहेर आली तवा तोंड धुतलेलं होतं, म्हणली, काकू, जेवून जा. तिनं वाढलं, मी जेवले, कसं जेवले मलाच ठावं, पण तिच्या ताटाला न्हाई म्हणायची माझी लायकी नव्हती. बस स्टँडवर सोडायला आली. वही तिनं ठेवून घेतली, मी मागितली न्हाई. म्हणून तर तुम्हाला तोंडानं सांगून राहिले, एकदा लिहिलं तेच दुसऱ्यांदा लिहिलं की मी कुठंतरी नटवीन, माझा मला भरवसा न्हाई.

अडीच महिने तिचा फोन आला न्हाई. मी लावला न्हाई, कोणत्या तोंडानं लावू. छातीवरचं परत येऊन बसलं, अन् बसू दे म्हणले, ते माझंच हाय.

अन् मागच्या रविवारी दुपारी फोन वाजला. ज्योती. मागं वारा ऐकू येत होता, अन् तिच्या पोरीचा आवाज, काहीतरी ओरडून राहिली होती, खुशीत. मी म्हणले, ज्योते, कुठं हायस? म्हणली, विष्णुपुरीला आलेय, पोरीला घेऊन. पाण्यापाशी उभी हाय. तासभर झाला. ती म्हणली, काही झालं न्हाई काकू. मी तिचा श्वास ऐकून राहिले. मग म्हणली, तवाबी काही झालं नसतं.

अन् फोन ठेवला.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण ती देणारी न्हाई, आईवर गेली. काकू म्हणली मला, एवढं मी धरून बसले. तिची पोरगी पाण्यात पाय घालून ओरडत असल, असं मला वाटतंय, मी बघितलं न्हाई, पण तसंच असल. देव तिला लई लई पाणी बघू दे, समुद्र बघू दे.

त्या हिरीत आता बोअरचं पाणी सोडतेत, भरलेली असती म्हणं. ते आठ दगड तिथंच हायेत. तुम्ही लिहून राहिलात ना, मग एक करा, मी बोलले तसंच ठेवा, कुठं चांगलं दिसावं म्हणून देवी-बिवी घालू नका. आठवा दगड हिरीचा हाय, वरून तिसऱ्या जागेचा, अन् तो हलतो हे मला ठावं होतं. हे खाली माझ्या नावासकट लिहा.